बाईंच्या गाडीची गुप्त चौकशी

पुरावेसाहेबांचं खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. हे नाव त्यांना इमारतीतल्या लोकांनी दिलं, आणि त्याबद्दल त्यांचा सगळ्या इमारतीवर राग होता. पण लोकांचा तरी काय दोष? दूधवाल्याने दूध ताजं आहे म्हटलं की हे दारातच विचारणार, "पुरावा?" नोकरी पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात. दिवसभर लोक येऊन यांच्या टेबलापुढे ओरडत आणि हे प्रत्येकाकडे पाणी येत नसल्याचा पुरावा मागत. एकदा एका गृहस्थाने वैतागून रिकामी बादलीच आणून टेबलावर आदळली. ती यांनी नाकारली. रिकामी बादली कोणाचीही असू शकते, असं त्यांचं म्हणणं पडलं.

अशा माणसाला जुनी गाडी घ्यायची होती.

घ्यायची म्हणजे घ्यावीच लागणार होती. त्यांच्या बायकोला, म्हणजे इमारतीच्या वहिनींना, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली होती. इतकी वर्षं त्यांनी कोणाच्या तरी बदली, कुठे अर्धा दिवस, कुठे रजेपुरतं असं रक्त तपासत काढली होती. ही पहिली कायमची नोकरी. पाळी भल्या पहाटे सुरू होणार आणि त्या वेळी तिकडे जाणारी बस अजून डेपोत झोपलेली असते. पहिल्या तारखेला वेळेवर हजर झाला नाहीत तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाईल, हे रुग्णालयाने आधीच बजावलं होतं. परवाना वहिनींच्या पर्समध्ये केव्हाचा पडून होता. नव्हती ती फक्त गाडी.

आणि गाडी मिळत होती. दोन गल्ल्या सोडून गणिताच्या बाई राहत होत्या. पुरावेसाहेबांना शाळेत ज्यांनी बीजगणित शिकवलं, त्याच. आता निवृत्त झाल्या होत्या, गुडघा क्लच दाबू देत नव्हता, म्हणून गाडी विकायला काढली होती. "गाडी चांगली आहे. तुझ्या बायकोला उपयोगी पडेल. घेऊन जा," त्या म्हणाल्या.

"हो बाई," पुरावेसाहेब म्हणाले.

हे ते बाईंच्या घरात म्हणाले. स्वतःच्या घरात पाऊल टाकताक्षणी त्यांनी चपला भिरकावल्या आणि गरजले, "चांगली आहे म्हणजे काय? पुरावा? कुठे ठोकली होती का? तपासणीत नापास झाली होती का? काही सांगितलं का त्यांनी?"

"मग विचारायचं होतं," वहिनी म्हणाल्या.

"बाईंना?"

"गाडी त्यांचीच आहे ना?"

"अगं, बाईंना कसं विचारायचं?"

या प्रश्नापुढे पुरावेसाहेबांची गाडी अडली ती अडलीच. जगात ते कोणालाही काहीही विचारू शकत. साहेबाला, पोलिसाला, सासऱ्यांना. सासऱ्यांना तर त्यांनी लग्न ठरवताना मुलीच्या जन्मतारखेचा पुरावा मागितला होता. पण बाईंसमोर उभं राहिलं की त्यांचे हात आपोआप मागे जात आणि तोंडातून "हो बाई" आणि "नाही बाई" याखेरीज तिसरं काही निघत नसे. शिवाय विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं. एवढ्या सज्जन बाई, आयुष्यभर खडू झिजवला त्यांनी, आणि त्यांना तोंडावर विचारायचं की तुम्ही मला फसवत तर नाही ना? छे! सभ्य माणूस असं करत नाही. सभ्य माणूस मागच्या मागे चौकशी करतो.

पहिली चौकशी तळमजल्यावरच्या काकांकडे झाली. काकांकडे झाली म्हणण्यापेक्षा काकांनी ती करवून घेतली. काका निवृत्त झाल्यापासून जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सल्ला दिल्याशिवाय वर सोडत नसत. त्यांच्याकडे आयुष्यात एक सायकल होती, तीही चोरीला गेली. त्यामुळे वाहनांबद्दल त्यांची मतं फार ठाम होती.

"अरे, तपासणी केंद्रात जा की," काका म्हणाले. "दरवर्षी गाडी तपासतात, तर त्याची नोंद असणारच. सगळा इतिहास निघतो. उतारा माग उतारा! बाईंना कळणारसुद्धा नाही."

वाहन तपासणी केंद्र गावाबाहेर, गोदामांच्या ओळीमागे होतं. पुरावेसाहेब अर्धी रजा टाकून गेले. एका लांबलचक शेडमध्ये गाड्या रांगेने धूर सोडत होत्या आणि शेजारच्या खोलीत माणसं रांगेने घाम गाळत होती. बऱ्याच वेळाने खिडकी आली. खिडकीमागचा कारकून पुरावेसाहेबांना बघताक्षणीच आवडला नाही, कारण तो हुबेहूब त्यांच्यासारखाच बसला होता.

"गाडीच्या तपासणीचा उतारा हवाय."

"मालक तुम्हीच?"

"नाही."

"मग मालकाची सही आणा."

"सही नाही मिळणार. मालकाला कळू न देता हवाय."

कारकुनाने मान वर केली. रांगेतल्या चारदोन जणांनीही केली. "मालकाला कळू न देता गाडीचं तुम्हाला काय करायचंय?"

"विकत घ्यायचीये!"

"मालकाला कळू न देता?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. पुरावेसाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपण सरकारी नोकर आहोत, आपल्यालाही नियम कळतात, इथल्या नियमांत काडीचा अर्थ नाही, हे त्यांनी चढ्या आवाजात सांगितलं. कारकून शांतपणे ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "सरकारी नोकर असल्याचा पुरावा?" पुरावेसाहेबांचं ओळखपत्र नेमकं दुसऱ्या शर्टात राहिलं होतं. दारावरचा पहारेकरी त्यांना फाटकापर्यंत सोडायला आला आणि ते रस्त्याच्या वळणापलीकडे दिसेनासे होईपर्यंत तिथेच उभा राहिला.

घरी आल्यावर त्या दिवशी भांड्यांचा आवाज जरा जास्तच झाला. वहिनी एवढंच म्हणाल्या, "पहिली तारीख जवळ येतेय."

"मला दिसतंय कॅलेंडर!"

"मग बाईंना विचारा."

"तू त्यात पडू नकोस. हे माझ्यावर सोड."

वहिनींनी सोडलं. पण कसं सोडलं, ते त्यांच्या जबड्याकडे पाहिलं असतं तर कळलं असतं. साहेबांनी पाहिलं नाही.

दुसरी चौकशी मेकॅनिकमार्फत झाली. चौकातल्या गॅरेजवाल्याला पटवून, स्वच्छ शर्ट घालायला लावून पुरावेसाहेब त्याला बाईंकडे घेऊन गेले. बेत साधा होता. हा माझा मावसभाऊ, सहज सोबत आलाय, सहज गाडीभोवती एक चक्कर मारेल, सहज बॉनेट उघडेल. बाईंनी दार उघडलं, चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "तू याचा मावसभाऊ कधी झालास?"

मेकॅनिकही त्याच शाळेतला निघाला. चारपाच वर्षं मागच्या तुकडीतला, त्रिकोणमितीत पुन्हा पुन्हा गटांगळ्या खाल्लेला. त्याचेही हात पाठीमागे गेले. दोघंही सोफ्याच्या कडेवर बसून चहा प्याले. बाईंनी दोघांना मुलाबाळांचं विचारलं, दोघंही "हो बाई" म्हणाले. मेकॅनिकला तर मूलच नव्हतं. चहा संपल्यावर बाई म्हणाल्या, "गाडीबद्दल काही विचारायचंय का?" आणि दोघं एका सुरात "नाही बाई" म्हणून जिना उतरले.

"तुला तोंड नव्हतं का रे?" पुरावेसाहेब फाटकाबाहेर येताच मेकॅनिकवर उसळले.

"तुम्हाला तरी कुठे होतं?" मेकॅनिक म्हणाला आणि गॅरेज बंद ठेवल्याचे पैसे मागू लागला.

यावर काकांनी डोकं खाजवून नवीन तोड काढली. म्हणे, खिडकीवर सही लागते, पण संगणकावर लागत नाही. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर टाकला की कोणीही घरबसल्या उतारा काढावा. हे खरं निघालं, आणि त्यामुळे तर पुरावेसाहेब जास्तच भडकले. म्हणजे जो माणूस तोंड दाखवून, रांगेत उभा राहून मागतो तो चोर, आणि जो घरात लपून मागतो तो साव! ज्याने हा नियम केला त्याला समोर उभं करून चार शब्द सुनावावेत असं त्यांना फार वाटलं. पण नियम करणारी माणसं कधी समोर उभी राहत नाहीत. मग त्यांनी ते चार शब्द वहिनींनाच सुनावले.

सांगाड्याचा नंबर समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, आतल्या बाजूला असतो. बाईंची गाडी झाडाखाली उभी असायची आणि नेमक्या त्या कोपऱ्यात वाळक्या पानांचा ढीग साचला होता. पुरावेसाहेब कचेरीत जायच्या कपड्यांनी, इकडेतिकडे बघत, बॉनेटवर आडवे झाले. एका हाताने पानं सारत, दुसऱ्या हाताने नाकावरून घसरणारा चष्मा धरत त्यांनी एकेक आकडा वाचला. कागद खिशात होता, पण खिसा पोटाखाली दबलेला. म्हणून त्यांनी नंबर तळहातावर लिहून घेतला. शेवटचा आकडा लिहून होतोय तोच वरची खिडकी उघडली.

"कोण आहे रे? काय करतोयस?"

"पानं, बाई!" पुरावेसाहेब ओरडले. "पानं साचली होती, ती काढत होतो."

बाईंना बरं वाटलेलं दिसलं. "शहाणा आहेस. मागच्या काचेवरचीही काढ. आणि बादली जिन्याखाली आहे, फडकं दांडीवर."

काय करणार? पुरावेसाहेबांनी गाडी धुतली. टप धुतला, चाकं धुतली, आरसे पुसले. बाई खिडकीतून सूचना देत होत्या. रस्त्याने त्यांच्याच कचेरीतले दोघं गेले, थांबले, आणि काही न विचारता पुढे गेले. ते न विचारणं पुरावेसाहेबांना फार लागलं. इतकी वर्षं खुर्चीवर बसून कमावलेली इभ्रत त्या साबणाच्या पाण्याबरोबर गटारात चालली होती, आणि त्यांना दातओठ खाण्याचीही सोय नव्हती, कारण बाई वरून बघत होत्या.

घरी येऊन त्यांनी तळहात उघडला तर निम्मा नंबर धुऊन निघालेला. शेवटचे काही आकडे त्यांनी आठवून घातले. आपली स्मरणशक्ती उत्तम आहे यावर त्यांचा विश्वास होता, आणि एवढ्या एकाच गोष्टीचा त्यांनी कधी पुरावा मागितला नव्हता.

उतारा आला. पुरावेसाहेबांनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि त्यांचे डोळे पांढरे झाले. ब्रेक नापास. धूर नापास. पुढच्या वर्षी ब्रेक पुन्हा नापास. मागचा आस निखळलेला. आणि खाली सरळ लिहिलेलं, वाहन एकदा पूर्ण उलटले होते.

"उलटली होती!" ते जिन्यात येऊन ओरडले. आता रागात एक सुख मिसळलं होतं. "काका, ऐकलंत? गाडी उलटली होती! आणि आम्हाला म्हणतात, चांगली आहे, घेऊन जा! माझ्या बायकोला त्या मरणाच्या सापळ्यात बसवायला निघाल्या होत्या! आणि मी ती धुतली! या हातांनी धुतली!"

दारं उघडली. इमारत जमा झाली. पुरावेसाहेबांनी उतारा वाचून दाखवला, हवेत फडकवला, जगात आता कोणावर विश्वास ठेवायचा असा प्रश्न विचारला आणि गाडी घ्यायची नाही असं जाहीर केलं. कोणीतरी टाळी वाजवायच्याही बेतात होतं. एवढ्यात वहिनींनी त्यांच्या हातातून कागद ओढून घेतला.

"बाईंच्या गाडीला चाकं किती?" त्यांनी विचारलं.

"हा काय प्रश्न झाला?"

"यात सहा लिहिलीयेत. रंग पिवळा लिहिलाय. आणि हे वरती बघा, वाहनाचा प्रकार. वाचा. मोठ्याने वाचा."

पुरावेसाहेबांनी वाचलं, पण मोठ्याने नाही. मग वहिनींनीच वाचलं. "कचरा वाहून नेणारा ट्रक."

इमारत हसली. नुसती हसली नाही, कठड्याला धरून धरून हसली. वहिनी हसल्या नाहीत. त्या कागद त्यांच्या हातात परत देऊन आत गेल्या.

तेवढ्यावर थांबतं तर बरं होतं. पण बातमी जिन्यावरून गॅरेजमध्ये आणि गॅरेजमधून बाईंकडे जायला कितीसा वेळ लागणार? पुरावेसाहेब अजून पंख्याखाली बसून इमारतीच्या नावाने खडे फोडत होते, तेवढ्यात फोन वाजला. आवाज ऐकताच ते उठून उभे राहिले.

"माझी गाडी उलटली होती असं तू सगळ्यांना सांगतोयस म्हणे," बाई म्हणाल्या. "कधी उलटली?"

"नाही बाई."

"नाही म्हणजे? उलटली नाही की सांगितलं नाहीस?"

"हो बाई."

  पुरावेसाहेबांनी फोन वहिनींच्या हातात कोंबला आणि हाताने खुणा करून सांगितलं की तूच काहीतरी सांग. वहिनींनी फोन कानाला लावला. "बाई, मी येते," एवढंच म्हणाल्या, पर्स उचलली आणि गेल्या.

त्या परत आल्या तेव्हा खाली हॉर्न वाजला. पुरावेसाहेबांनी खिडकीतून पाहिलं. नुकतीच त्यांनी धुतलेली गाडी फाटकात उभी होती आणि वहिनी चावी काढून उतरत होत्या.

"घेतलीस?" दार उघडताच त्यांनी विचारलं. "न विचारता घेतलीस?"

"विचारून घेतली. मी विचारलं, त्यांनी सांगितलं." वहिनींनी चावी टेबलावर ठेवली. "एकदा शाळेच्या फाटकाला ठोकली होती. डावा दिवा आणि बंपर बदललाय. त्यांचे यजमान गेले त्या वर्षी गाडीकडे बघायला कोणी नव्हतं, तेव्हा ब्रेक नापास झाले. मग नवीन बसवले. त्यानंतर सगळं पास. उताराही दिला. गाडी विकायला काढली त्याच दिवशी त्यांनी तो आणून ठेवला होता, घेणारा विचारेल म्हणून."

"मग मला का नाही दिला?"

"मीही तेच विचारलं. म्हणाल्या, प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर सांगायची सवय मला शाळेतही नव्हती."

पुरावेसाहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "म्हणजे मला परीक्षेला बसवलं होतं! या वयात! आणि मी एवढी धावपळ केली, रजा खर्च केली, लोकांत हसं करून घेतलं, ते कोणासाठी? तुझ्यासाठीच ना? त्याची काही किंमत आहे की नाही?"

आणि मग वहिनी चिडल्या. इतके दिवस जबड्यात धरून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"माझ्यासाठी? तुम्ही खिडकीवर ओरडलात, मेकॅनिकवर ओरडलात, माझ्यावर तर रोजच. ज्यांना विचारायचं त्यांच्यापुढे तेवढी मान खाली! आणि गाडीचं सोडा. मला ही जागा मिळाल्याचं पत्र आलं तेव्हा तुम्ही काय केलंत? काकांना विचारलंत, बायकोने एवढ्या लांब जावं का. तुमच्या बहिणीला विचारलंत, घराचं कसं होईल. तुमच्या त्या कचेरीत टेबलाटेबलावर विचारून आलात. माझ्या नोकरीबद्दल अख्ख्या गावाचं मत घेतलंत. मला विचारलंत? एकदा तरी विचारलंत, की तुला जायचंय का?"

पुरावेसाहेबांनी तोंड उघडलं. आठवून पाहिलं. आठवेना. त्यांच्या उत्तम स्मरणशक्तीने त्यांना पुन्हा एकदा तोंडघशी पाडलं होतं.

"मला वाटलं, तुला वाईट वाटेल," ते म्हणाले. "विचारलं तर वाटेल, मी नको म्हणतोय."

"न विचारल्याचं वाईट वाटतं हो मला! कित्येक वर्षं वाटतंय!" वहिनी म्हणाल्या आणि आतल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. आदळलं नाही, नुसतं लावलं. आदळलं असतं तर पुरावेसाहेबांना उत्तर देता आलं असतं. ते नुसते चावीकडे बघत बसले आणि आता चिडायचं तर कोणावर, हे त्यांना कळेना. हा अनुभव त्यांना नवीन होता, आणि मुळीच आवडला नाही.

पहिल्या तारखेला पहाटे वहिनी डबा भरून, केस बांधून खाली उतरल्या. पुरावेसाहेबही दाढी करून, रजा टाकून मागोमाग उतरले. गाडीशी पोचले तर शेजारच्या सीटवर बाई पर्स मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या. रस्त्याची सवय होईपर्यंत पहिले काही दिवस सोबत करायचं त्यांनी आणि वहिनींनी आपसांत ठरवलं होतं.

वहिनींनी इंजिन सुरू केलं, आरसा नीट केला. त्यांचा चेहरा असा होता की पुरावेसाहेबांनी लग्नानंतर तो कधी पाहिला नव्हता. एकदम त्यांना वाटलं, आपण तिथपर्यंत जावं. ती गाडी लावून त्या मोठ्या दारातून आत जाते, ते बघावं.  इकडून तिकडून सुचवायची त्यांना फार इच्छा झाली, की मागची सीट रिकामीच आहे, की आज रजाही आहे, की काका म्हणत होते. पण समोर बाई होत्या आणि आज तिसरं वाक्य बोलायलाच हवं होतं. त्यांनी मागे बांधलेले हात सोडले, वहिनींच्या खिडकीशी वाकले आणि सरळ विचारलं, "मी येऊ का तुझ्याबरोबर?"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "स्पष्ट विचारलंस. छान."

वहिनींनीही पाहिलं.  जबडा जरासा सैल झालेला दिसला.

"नाही," त्या म्हणाल्या, आणि गियर टाकला.